कोथिंबीर आपण कच्ची खातो

विद्याताई, मी नदीत उतरले.

हो, मीच. हसू नकोस. तुझीच ती छातीपर्यंत येणारी रबरी विजार चढवली होती. माझ्या अंगावर ती पोत्यासारखी लोंबत होती आणि बुटांत माझे पाय सुटे फिरत होते. पहिलं पाऊल टाकलं तर तळाच्या चिखलाने बूट धरूनच ठेवला, आणि मी तिथेच "आई गं!" म्हणून किंचाळले. तू असतीस तर काठावर गडाबडा लोळली असतीस. पण तू असतीस तर मी कशाला उतरले असते?

इथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी तुझ्यावर चार शब्द लिही म्हणालेत मला. जन्म सांगलीचा, शिक्षण अमुक, न्यूझीलंडला कधी आली, पाण्याच्या अभ्यासात किती वर्षं. ते कुणीही लिहील गं. मला तुझ्याशी भांडायचंय. आपलं भांडण अर्ध्यावर टाकून तू चालती झालीस. बुधवारी सकाळी परसात टोमॅटोला पाणी घालत होतीस, डोकं फार दुखतंय म्हणालीस, आणि संध्याकाळी हॅमिल्टनच्या हॉस्पिटलात तुझे अहो, आमचे श्रीकांतदादा, कॉरिडॉरमध्ये एकटेच बसलेले होते, हातात तुझ्या चपला. मेंदूत रक्तस्राव म्हणे. गुरुवारी आपण दोघी नदीवर जाणार होतो. मी बाटल्याही काढून ठेवल्या होत्या.

खरं सांगू? तू गेल्याचं दुःख मला अजून नीट झालेलंच नाही. भीती सगळी जागा अडवून बसलीय. ती उठली की मग रडेन म्हणते.

भीतीचं तुला नवीन नाही म्हणा. तू मला हाक मारायचीसच 'भागूबाई' म्हणून, अख्ख्या लॅबसमोर. मी लॅबमधली बाई, तू नदीवरून आणलेल्या बाटल्या तपासायच्या एवढंच माझं काम. पण पाण्यात एकट्याने जायचं नाही असा ऑफिसचा नियम, आणि तुझ्याबरोबर यायला कुणाला वेळ नसायचा. मग तू एके दिवशी माझ्या टेबलाशी आलीस, म्हणालीस, "ऊठ भागूबाई, जरा ऊन खा." मी पुण्याची, नळाखाली वाढलेली. पोहता येत नाही. पोटऱ्यांपर्यंत पाणी आलं की मला देव आठवतात. आणि तू कृष्णाकाठची. पुराच्या पाण्यात पुलावरून उड्या मारल्याच्या तुझ्या गोष्टी ऐकूनच माझे तळवे गार व्हायचे.

तुझ्या कमरेला दोरी, तिचं दुसरं टोक माझ्या हातात. तू आत जायचीस आणि मी काठावर मुठी आवळून उभी. तळ निसरडा, ओंडके वाहत येणारे. कधी पाणी तुझ्या मांड्यांच्या वर चढायचं. मी ओरडायचे, "बास गं ताई, ये आता!" आणि तू मागे न बघता एक हात वर करायचीस. "एक मिनिट!"

तुझं ते एक मिनिट कधी एक मिनिटाचं नसायचं.

बाहेर आलीस की तुझं प्रवचन सुरू. प्रवाहाकडे तोंड करून उभं राहायचं. वरून येणारं पाणी घ्यायचं, आपल्याच पायांनी ढवळलेलं घ्यायचं नाही. जंतू तपासायची बाटली विसळायची नाही, तिला आतून बोट लावायचं नाही, झाकण पालथं धरायचं, भरली की तडक बर्फाच्या पेटीत. आमची मुक्ता चार वर्षांची, मराठी सगळं कळतं पण तोंडातून शब्द इंग्रजीच निघतो, ती टबात शँपूची बाटली भरताना मला दटावते, "डोन्ट टच द इनसाइड, मम्मा." तुझ्या मांडीवर बसून शिकलेलं. एकदा पेटी गाडीत ठेवता ठेवता तू म्हणालीस, "मी मेले ना, की मला कुठल्या पाण्यात सोडू नका रे बाबांनो. खालच्या अंगाला कुणीतरी माझंच सँपल घेईल." मी तेव्हा 'शुभ बोल नाऱ्या' म्हटलं होतं. दादांनी ऐकलं तुझं. परसातल्या लिंबाखाली ठेवलंय तुला.

आता मणिकाकांचं. तुझ्या-माझ्यात जे झालं ते त्यांच्या मळ्यावरून झालं. नदीच्या खालच्या अंगाला त्यांचा मळा. माणूस गुजराती, पण जन्म इथलाच. एका वाक्यात गुजराती, हिंदी आणि इथल्या गोऱ्यांचं 'स्वीट अ‍ॅज' तिन्ही. स्वभावाने तापट, पण तुला 'बेन' म्हणायचे आणि तुझ्यासमोर आवाज चढवायचे नाहीत. त्यांची मेथी, पालक आणि कोथिंबीर इथे हॅमिल्टनात, रोटोटुनातल्या आपल्या सगळ्या घरांत जाते, आणि गाडी भरभरून ऑकलंडला सँडरिंगहॅमच्या देशी दुकानांत. नदीतून पंपाने पाणी उचलायचं, फवाऱ्यांनी पिकावर सोडायचं. अनेक वर्षं ते सुखाने चाललं. मग वरच्या अंगाला गाईंचे कळप वाढले. उन्हाळ्यात त्या बिचाऱ्या सावलीला नदीतच उभ्या राहतात, आणि नदीत काय काय सोडतात ते सांगायला नको. ते पाणी पिकाला चालेल की नाही, हे सांगणं तुझं काम.

त्याची रीत तू मला पहिल्याच फेरीत समजावली होतीस. पीक कच्चं खायचं असेल, लेट्यूस, स्ट्रॉबेरी, तर पाणी बऱ्यापैकी स्वच्छ हवं, कारण शेणातले जंतू पानावर बसले की नुसत्या धुण्याने सगळे जात नाहीत. शिजवून खायचं पीक असेल तर थोडं चालवून घेता येतं, जंतू काय, उकळीत मरतात. आणि मणिकाकांचा सगळा मळा तू शिजवायच्या पिकांत धरला होतास. मेथी शिजवतात. पालक शिजवतात. कोथिंबीर त्यांच्याच रांगेत उभी, कारण मंडईत ती पालेभाजीवाल्याकडेच मिळते, आणि तुझ्या डोक्यात ती तिथेच बसलेली. आपला साहेब ग्रॅहम, त्याला तर हे सगळं 'करी स्टफ'. करी म्हणजे शिजवलेली, झालं. तू सांगितलंस आणि त्याने मान डोलावली. एखाद्या गोऱ्या पोराकडे हे काम असतं तर त्याने आधी विचारलं असतं, बाबांनो, हे तुम्ही खाता कसं? तुला विचारायची गरजच वाटली नाही. तुला ठाऊक होतं ना सगळं!

आणि मग संक्रांत. भर उन्हाळ्यातली इथली संक्रांत, तिळगूळ हातातच वितळणारा. तुझ्याकडे हळदीकुंकू. हॉलमध्ये बायकांचा गलका, आणि तू स्वयंपाकघरात ओट्याशी, भिजवलेल्या डाळीच्या कोशिंबिरीवर घालायला कोथिंबीर चिरत होतीस. माझी मुक्ता स्टुलावर चढून तुझ्या सुरीजवळची चिरलेली चिमूट चिमूट तोंडात टाकत होती. तू तिला हसत होतीस, "बकरी आहे नुसती तुझी लेक." मी म्हणाले, "ताई, ही मणिकाकांची ना? ही तू शिजवायच्यात धरतेस?"

मी काही फार मोठं बोलतेय असं मला वाटलंच नव्हतं. सहज निघालं तोंडातून. पण तुझे हात थांबले. मुक्ताची मूठ तू आपल्या हातात धरलीस, उघडलीस, आणि आतली कोथिंबीर काढून घेतलीस. चेहरा असा झाला होता तुझा की मी पाणी देऊ का म्हणून विचारलं. तू कोशिंबिरीचं सगळं पातेलं सिंकमध्ये ओतलंस आणि बाहेर जाऊन सांगितलंस की डाळ आंबली होती. तुला खोटं बोलताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

दुसऱ्याच दिवशी आपण नदीवर गेलो. त्यानंतरच्या संध्याकाळी ट्रे माझ्या हातात होता, शेणातले जंतू असले की ज्याचे खण जांभळ्या दिव्याखाली निळे चमकतात तो. कच्च्या पिकाला जेवढं चालेल त्याच्या कितीतरी वर. तू चष्मा काढून पुसलास, परत घातलास, परत बघितलंस.

मग गाडीतलं भांडण. मुक्ताचं पोट त्याच आठवड्यात बिघडलं होतं, अंगही तापत होतं, आणि माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. मला त्या चिमटी दिसत होत्या, एकामागून एक तोंडात जाणाऱ्या. मी म्हणाले, "ताई, आत्ता त्यांच्याकडे जाऊ. पंप बंद ठेवा एवढंच सांगू."

"एका बाटलीवर?"

"लोकं रोज खातायत गं!"

"एका बाटलीवर माणसाचा मळा बंद करायचा नसतो. वर बदकं बसली असतील. माझा हात चुकला असेल. परत घेऊ, परत तसंच आलं तर मी स्वतः जाऊन सांगेन."

"आणि तोवर कुणाच्या पोराला काही झालं तर?"

"घाबरलेल्या माणसाने घाई करू नये, भागूबाई."

तेव्हा माझं टाळकं सटकलं. मी म्हणाले, "तुला तुझी चूक झाकायचीय." माझ्या दारापाशी गाडी थांबवलीस आणि समोर बघत म्हणालीस, "गुरुवारी परत घेऊ. तोवर तोंड उघडू नकोस." माझ्याशी बोललेलं हे तुझं शेवटचं वाक्य. आणि माझं शेवटचं वाक्य कुठलं, तर मी गाडीचं दार आपटलं, ते. मी चूक झाकण्याचं बोलले ते मागे घेऊ का? रोज ठरवते घ्यायचं, आणि रोज परत तुझा राग येतो. तू असं करायला नको होतंस. जायला तर मुळीच नको होतं.

मुक्ताचं पोट चार दिवसांत बरं झालं. कशाने बिघडलं होतं, देव जाणे, लहान पोरांची पोटं बिघडतातच. पण मी अजून तिच्या कपाळाला हात लावते, ती बाथरूममध्ये गेली की दाराबाहेर उभी राहते. घरातली कोथिंबीर मी फेकली, ओटा ब्लीचने घासला, कुणाकडे जेवायला गेलं तरी पोह्यांवरची हिरवी पानं चमच्याने बाजूला काढते. निखिल, माझा नवरा, आठवडाभर ऑकलंडला असतो. फोनवर म्हणतो, "तू पॅनिक होतेयस, रिलॅक्स." त्याला काय जातंय सांगायला! तुझ्याबद्दल कळलं तेव्हा मुक्ताने विचारलं, "इज विद्यामावशी इन द रिव्हर?" मी नाही म्हणाले, आणि हातातलं ताट खाली ठेवून भिंतीला टेकले.

ग्रॅहम चांगला माणूस आहे. तू गेल्यावर लॅबमध्ये आला, डोळे भरून आले होते त्याचे. मी त्याला म्हणाले, मणिकाकांच्या तिथलं दुसरं सँपल राहिलंय. तर तो म्हणाला, "टेक युअर टाइम. नो रश." तुझ्या जागी कुणी आलं की बघू. बघू म्हणजे केव्हा? महिनाभराने? तिकडे रोज संध्याकाळी मळ्यावर फवारे चालू. कामावरून येताना मी मुद्दाम लांबच्या रस्त्याने यायला लागले, ते फवारे दिसू नयेत म्हणून.

शेवटी शुक्रवारी दुपारी मी तुझ्या घरी गेले. दादा टीव्ही बंद ठेवून टीव्हीसमोर बसले होते. मी नुसतं म्हणाले की नदीवर जायचंय आणि दोरी धरायला कुणी नाही. दादा फार्मसिस्ट, आयुष्यभर गोळ्या मोजलेला माणूस, तू कितीदा बोलावलंस तरी कधी नदीवर आले नाहीत. ते उठले, कोट घातला. म्हणाले, "आज दहावा. दहाव्याला आपल्याकडे नदीवरच जातात. चल." इथे ना घाट, ना गुरुजी. पिंड नाही, काही नाही. बर्फाची पेटी घेऊन निघालो आम्ही दोघं.

काठावर मी ती तुझी विजार चढवली आणि उभीच राहिले. पाणी चहाच्या रंगाचं, तळ दिसत नव्हता. माझे दात वाजत होते, भर उन्हात. मी म्हणाले, "दादा, मला नाही जमायचं. ताईला माहीत होतं मी भित्री आहे. उगाच बरोबर न्यायची."

दादा दोरी मनगटाला गुंडाळत होते. म्हणाले, "उगाच नाही. मी एकदा विचारलं होतं तिला, त्या घाबरट पोरीला कशाला नेतेस? तर म्हणाली, भित्र्या माणसाच्या हातात दोरी द्यावी, तो सोडत नाही."

हे तू मला कधी सांगितलं नाहीस. एवढी वर्षं 'भागूबाई, भागूबाई' करत राहिलीस आणि हे मात्र गिळून बसलीस. का गं?

उतरले मग. प्रवाहाकडे तोंड केलं, झाकण पालथं धरलं, बाटली भरली. बाहेर येताना पाय घसरला आणि मी दोन्ही गुडघ्यांवर आपटले. पाणी छातीला लागलं तेव्हा ओरडायलाही सुचलं नाही. दोरी ताणली गेली. दादांचं मनगट नंतर बघितलं, सालटं निघालं होतं. बाटली मात्र मी वर धरली होती. संध्याकाळी ती ट्रेमध्ये ओतून उबवायच्या कपाटात ठेवली. उत्तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तुझं जेवण होतं. लोकांना सुट्टी शनिवारी, म्हणून तेरावा धरून सगळं तेव्हाच आटपायचं ठरलं होतं.

शनिवारी तुझं घर माणसांनी भरलेलं. हॉलमध्ये तुझा फोटो, समोर समई. स्वयंपाकघरात निशावहिनी, मंडळाच्या कुठल्याही कार्याला कंबर कसून उभ्या असतात त्याच, कोशिंबीर कालवत होत्या. आणि दारात मणिकाका. पांढरा शर्ट, डोळे लाल, हातात क्रेट. त्यात गच्च कोथिंबीर, नुकतीच कापलेली, पानांवर अजून पाण्याचे थेंब. "बेन के वास्ते," म्हणाले. "सबसे अच्छा लाया." ते थेंब त्याच नदीचे.

मी स्वतःला म्हणत होते, गप्प बस. उत्तर अजून आलेलं नाही. तूही गप्प बसायला सांगितलं होतंस. आजच्या दिवशी, या घरात, या माणसाला काही बोलू नकोस. निशावहिनींनी एक जुडी नळाखाली धरली, झटकली, चराचरा चिरली, आणि मूठभर घेऊन हात कोशिंबिरीवर नेला. ओट्याशी टाचा उंचावून मुक्ता उभी होती. तोंड आधीच उघडलेलं.

"थांबा!"

माझा आवाज एवढा मोठा आहे हे मला माहीत नव्हतं. हॉलमधलं बोलणं बंद पडलं. मी मुक्ताला उचलून कडेवर घेतलं आणि म्हणाले, ही कच्ची नका घालू. नदीचं पाणी चांगलं नाहीये. यात शेणातले जंतू असतील.

मणिकाका आधी हसलेच. मग त्यांचा चेहरा बदलला. "क्या बोलती है? बेनने तो पास किया है पानी. एवरी यर. बेनने खुद बोला था, ओके है."

सगळे माझ्याकडे बघत होते. दारातून समोर तुझा फोटो दिसत होता. तुझ्याच घरी, तुझ्याच जेवणाला, तुझं मीठ खाल्लेली मी.

"काका, बेन चुकल्या होत्या," मी म्हणाले.

"अगं, आज तरी..." निशावहिनी पुटपुटल्या. मागून कुणीतरी "काय बाई तरी!" म्हणालं. मी मुक्ताला घट्ट धरून उभी. तेवढ्यात हॉलमधून दादा आत आले. धोतर सावरत, हळूहळू.

"ती खरं बोलतेय," दादा म्हणाले. "विद्याने मला सांगितलं होतं. संक्रांतीनंतर तिला घास जात नव्हता. म्हणायची, अहो, कोथिंबीर आपण कच्ची खातो, आणि एवढं साधं मला आठवलं नाही. एकदा मोजून खात्री करते आणि काकांच्या पाया पडते, म्हणाली होती."

मणिकाकांनी कुणाकडे बघितलं नाही. क्रेट उचलला आणि निघाले. दादा दारापर्यंत गेले, "काका, जेवून जा," म्हणाले, पण ते थांबले नाहीत. तेराव्याच्या घरून माणूस उपाशी गेला, माझ्यामुळे. निशावहिनींनी कोशिंबीर ओतली, सुरी-पाट घासले, नवीन काकड्या चोचवल्या. तुझं पान कोथिंबिरीशिवाय वाढलं. असलं फिकं पान तुला कधी चाललं नसतं.

संध्याकाळी लॅबपाशी गाडी लावली तर समोर मणिकाकांची यूट, ती मागून उघडी मालाची गाडी, उभी. मागे क्रेट तसाच, पानं माना टाकलेली. काचेतून मला बघून ते खाली उतरले. "दिखाव," एवढंच म्हणाले.

आत जाताना माझी अवस्था तुला सांगते. ट्रेच्या खणांत निळं चमकलं नाही, तर मी तुझं नाव तुझ्याच घरी मातीत घातलं. आणि चमकलं, तर मुक्ताने, रोटोटुनातल्या सगळ्या पोरांनी, सँडरिंगहॅमच्या दुकानांतून जुड्या नेणाऱ्या कुणाकुणाच्या घरच्यांनी काय खाल्लं? देवाकडे काय मागावं तेच कळेना. मी काहीच मागितलं नाही. दिवे घालवले, जांभळा दिवा लावला, ट्रे त्याच्याखाली धरला.

निळं. एका खणात, शेजारच्या खणात, ओळच्या ओळ. दिवाळीच्या माळेसारखे सगळे खण लागलेले. मणिकाका खाली वाकले. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता.

"ये सब वो है?"

"हो काका."

"कब से?"

"माहीत नाही."

त्यांनी बोटाने एकेक खण मोजला. मग म्हणाले, "माय ग्रँडकिड्स, दे ईट इट स्ट्रेट फ्रॉम द रो." आवाज लहान मुलासारखा झाला होता. त्यांनी माझ्या टेबलावरचा फोन ओढला आणि मुलाला लावला. गुजरातीतून बोलले, पण कळलं मला. पंप बंद. सगळा. आत्ताच्या आत्ता. ऑकलंडची गाडी जाणार नाही. कोथिंबीर नांगरून टाकायची.

मला वाटलं होतं आता जीव भांड्यात पडेल. कुठलं काय! माझं खरं ठरलं होतं आणि मला जास्तच भीती वाटत होती. आपल्याला काही झालं नाही हे नशीब म्हणायचं, की कुणाला झालं आणि आपल्याला कळलं नाही? सोमवारी ग्रॅहमला मी सगळं सांगितलं, तुझी चूकसुद्धा. तुझं नाव घेऊन. त्याने ऑकलंडच्या दुकानांना फोन केले. तू स्वतः सांगणार होतीस हेही मी त्याला सांगितलं, दोनदा.

पण शनिवारचं अजून संपलं नाही. लॅबच्या दारात मणिकाका थांबले, पाठ माझ्याकडेच. म्हणाले, "फिर नापना पडेगा ना? बेन बोलती थी, एक बार से नहीं होता."

तेव्हा मी रडले, ताई. तिथेच, दिवे न लावता, ट्रे हातात धरून.

काल परत गेलो नदीवर. आता वरच्या अंगाला जायचं, गाईंच्या कुंपणापासून एकेक बाटली घेत, घाण नेमकी कुठून येते ते शोधायला. ते कळेपर्यंत मणिकाकांचा पंप बंद आणि मळा सुकतोय, म्हणून घाई आहे, आणि घाई करायची नाही. दोरीला दोघं होते, दादा आणि मणिकाका. वर पाणी जास्त आहे, कमरेच्या वर चढलं. तळ कळत नव्हता. बाटलीचं झाकण काढलं, पालथं धरलं. बाटलीला आत हात लागला असं वाटलं म्हणून ती टाकून दुसरी काढली, आणि तेवढ्यात प्रवाहाने मला एक पाऊल ढकललं.

"बस, बेन! आवो अब!" काठावरून मणिकाका ओरडले.

बेन ते फक्त तुला म्हणायचे.

मी मागे बघितलं नाही. बघितलं असतं तर आलेच असते बाहेर. एक हात वर केला.

"एक मिनिट!"